दोन फुल्या

"ताई, हे कोणी घासलं?"

दुकानदाराने एवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता, असलंच तर थोडं हळहळणं होतं. समोर हिरव्या बनातीच्या तुकड्यावर आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, पिस्तूल ठेवलेलं. आधी त्याने मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे ओढून नळीच्या तोंडात डोकावून पाहिलं, करंगळीने चाचपून आत काही नाही याची खात्री केली, आणि मग भिंग घेऊन तो त्या लोखंडाचा इंच न् इंच वाचत गेला. उजव्या अंगाला काळसर निळा रंग अजून शाबूत होता. पिस्तूल उताणं केलं आणि डावं अंग वर आलं तसा तो थांबला. तिथे तळहाताएवढ्या भागात लोखंड उघडं पडलंय, स्टीलच्या जुन्या तांब्यासारखं पांढुरकं. त्याने अंगठा त्यावरून दोनदा फिरवला आणि वर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जुनं आहे ना खूप, गेला असेल रंग." तो काही बोलला नाही. वापराने गेलेला रंग आणि घासून घालवलेला रंग यातला फरक त्याला कळत होता, आणि त्याला तो कळतोय हे मला कळत होतं. या गोष्टीला तीन महिने झाले. अजून रात्री भांडी आवरताना हातात काथ्या आला की तो प्रश्न कानात येतो.

कारण घासलं होतं मीच. मी आणि आजीने.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आजी परातीत राख चाळून घ्यायची. विळी, कोयता, नांगराचा फाळ, कुऱ्हाड, वडिलांचा स्क्रूड्रायव्हरचा संच, सगळं अंगणात यायचं. सगळ्यात शेवटी वडील कपाटाचं कुलूप काढून 'आबांचं हत्यार' आणायचे, मॅगझिन काढून, रिकामं आहे हे आम्हाला सगळ्यांना दाखवून आजीच्या हातात द्यायचे. आधी रॉकेलचा बोळा, मग ओल्या फडक्यावर राख, मग काथ्या, आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात. आजीची बोटं संधिवाताने वाकायला लागली तेव्हा मी आठ वर्षांची होते. "घास गं नीट, माझ्या हातात आता जोर नाही," असं म्हणून तिने काथ्या माझ्याकडे दिला. नंतर आठ-नऊ वर्षं ते काम माझं होतं. मी उजव्या हाताने घासायचे, त्यामुळे पिस्तूल नेहमी एकाच कुशीवर पडलेलं असायचं आणि डावं अंग वर. लोखंड आतून चमकायला लागलं की आजी म्हणायची, "बघ कसं उजळलं." मला त्याचा केवढा अभिमान होता. दुसऱ्या दिवशी पाटावर लाल कापड, त्यावर ते पिस्तूल, हळद, कुंकू, झेंडूचं फूल. निवडणूक लागली असली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा असायची, तेव्हा आजी नुसतं चामड्याचं रिकामं खोळ पाटावर ठेवून त्यालाच कुंकू लावायची. त्या वर्षी घासायला काही नाही म्हणून मला करमायचं नाही.

वडील गेले तेव्हा भावाने आठवड्याभरात ठाण्यात कळवलं. परवानाधारक गेला की त्याचं हत्यार घरात ठेवणं बेकायदा होतं, ते विनाविलंब ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा, बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडायची, तोवर हत्यार तिथेच. या सगळ्या कागदांत सारखं विचारत होते की हे नेमकं आहे काय. बनावट कोणती, बोअर म्हणजे नळीच्या छिद्राची रुंदी किती, क्रमांक काय, आणि अंदाजे किंमत. वडिलांच्या परवान्यावर नुसतं 'पिस्तूल, इटालियन' एवढं लिहिलेलं आणि पुढे पुसट झालेला आकडा. भाऊ बाहेरगावी, म्हणून हत्यार जमा होतं त्या दुकानात मी गेले. हे हत्यार मी बालपणभर हाताळलं होतं, पण त्यावरचं एक अक्षर कधी वाचलं नव्हतं.

दुकानदाराने वाचून दाखवलं. डाव्या अंगावर एका ओळीत: पी. बेरेटा, कॅल. ९ कॉर्टो, मॉ. १९३४, ब्रेव्हेट, गार्दोने व्ही. टी. म्हणजे बेरेटा कंपनीचं १९३४ चं मॉडेल, उत्तर इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया या गावात बनलेलं. त्या गावात हे घराणं १५२६ पासून बंदुकांच्या नळ्या बनवतंय. महाराजांच्या जन्माआधी शंभर वर्षं, हे मनात आलं आणि उगीचच हातातली वस्तू जड वाटली. तशी ती जड नाही, रिकामी असताना पाऊण किलोच्याही आत भरते. मुठीवर पी आणि बी ही अक्षरं गुंफलेली, मॅगझिनच्या तळाला करंगळी टेकवायला पुढे आलेलं बाक. मॅगझिनमध्ये सात काडतुसं मावतात. मागच्या बाजूला सांगाड्यावर आर. ई. हा छोटा शिक्का. रेजिओ एझेर्चितो, राजाचं लष्कर. आरमाराचा शिक्का वेगळा, विमानदलाचा वेगळा. 'कॉर्टो' म्हणजे आखूड, हे कळल्यावर तर तो बराच वेळ परवान्याशी ताडून बघत बसला. या पिस्तुलाचं नऊ मिलिमीटरचं काडतूस आखूड आहे, त्याचं कवच सतरा मिलिमीटर लांबीचं. लष्करी कार्बाइनचं नऊ मिलिमीटर वेगळं, ते एकोणीसचं. आपल्याकडे बोअरवरूनही हत्यार कुठल्या वर्गात जातं हे ठरत असल्यामुळे नुसतं '९' लिहिलं आणि 'आखूड' गाळलं तर हत्यारच बदलतं. "अर्जात हे सगळं अक्षर न् अक्षर लिहा, बाकी निवाडा कार्यालय करेल," तो म्हणाला. त्याचं ते बारकाईने वाचणं मला फार आवडलं. आमच्या घरात इतकी वर्षं त्या अक्षरांना कुंकू लागलं, पण कोणी ती वाचली नाहीत.

मग किमतीचा विषय निघाला. परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसाला १९८० च्या दशकात बंद झाली, तेव्हापासून आपल्याकडे जुन्या विदेशी पिस्तुलाला भाव आहे, पण तो भाव चालत्या हत्याराला. ज्याचं काडतूस मिळतं त्यालाच गिऱ्हाईक. याच बेरेटाचं १९३५ चं भावंड आहे, दिसायला जवळजवळ असंच, पण ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपण ज्याला ३२ बोअर म्हणतो ते. आरमारात आणि विमानदलात ते होतं. ते असतं तर गोष्ट वेगळी असती, असं तो म्हणाला. आमच्या पिस्तुलाला घेईल तो जाणकार, आणि जाणकार अंग बघतो. सांगाड्यावरचा क्रमांक आणि स्लाइडवरचा क्रमांक एकच आहे, हे चांगलं. खोळ मूळचं आहे, मॅगझिन मूळचं आहे, नळी आतून स्वच्छ आहे, हेही चांगलं. कारखान्यातून निघताना लोखंडावर जो निळा चढवलेला असतो तो मात्र एकदाच असतो. त्याने बिलाच्या मागे पेन्सिलीने एक आकडा लिहिला, थोडं थांबून खाली दुसरा लिहिला. "वरचा आत्ताचा. खालचा, अंग शाबूत असतं तर." खालचा जवळजवळ दुप्पट होता. पैशाची मला त्या दिवशी गरज नव्हती आणि पिस्तूल विकायचंही नव्हतं. तरी त्या दोन आकड्यांमधली रिकामी जागा मला इतकी बोचली, की घरी येईपर्यंत मी त्या वजाबाकीत अडकलेली होते. आठ-नऊ वर्षांच्या माझ्या भक्तीची किंमत पेन्सिलीने लिहून मिळाली होती.

आणि दोन फुल्या राहिल्याच.

गावाच्या नावापुढे साल आहे, १९४२, आणि त्याच्यापुढे दोन फुल्या. लहानपणी मला वाटायचं ती नक्षी आहे. घासून झालं की आजी कापडाने पुसायची, पण त्या फुल्यांच्या खाचेत कुंकू अडकून राहायचं, अजूनही आहे. भिंगाखाली ते सुकलेल्या रक्तासारखं दिसत नाही, साधं कुंकवासारखंच दिसतं, कडेला तेलाने काळपट झालेलं. दुकानदार म्हणाला, हा रोमन वीस. मुसोलिनीच्या माणसांनी आपली कालगणना सुरू केली होती, १९२२ च्या ऑक्टोबरअखेर रोमवर चालून गेले तिथपासून. विसावं वर्ष म्हणजे ऑक्टोबर १९४१ ते ऑक्टोबर १९४२. साल आणि फुल्या एकमेकांना दुजोरा देतात, म्हणजे हे पिस्तूल १९४२ च्या पहिल्या दहा महिन्यांतलं. मी मान डोलावली. बसमध्ये बसल्यावर मात्र काहीतरी खटकलं, आणि घरी येऊन चपला काढता काढता लक्षात आलं.

आमच्या घरातली गोष्ट केरेनची आहे, दुसऱ्या महायुद्धातली, आबा इंग्रजांच्या फौजेत होते तेव्हाची. एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर, वरून इटालियन सैन्य हातबॉम्ब सोडतंय, खालून आपली पोरं उभी चढण चढतायत, पाण्याची टंचाई अशी की जीभ टाळूला चिकटलेली. चढण संपते तिथे कपारीत आबांना एक इटालियन अधिकारी सापडतो, पायाला गोळी लागलेला. आबा त्याला आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी पाजतात. तो रडतो आणि कमरेचं पिस्तूल काढून दोन्ही हातांनी आबांना देतो. ही गोष्ट ऐकूनच आम्ही मोठे झालो. शाळेत 'माझे आजोबा' या निबंधात मी ती लिहिली आणि बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली होती. केरेन पडलं १९४१ च्या मार्चअखेर. पिस्तूल तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं.

भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आबा खोटं बोलले?" मला राग आला त्याचा. आबा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. पेन्शन आणायला गेले की चहाचे पैसेसुद्धा वहीत मांडायचे. पण राग ओसरल्यावर मी खरोखर आठवायचा प्रयत्न केला, की ही गोष्ट आबांच्या तोंडून मी कधी ऐकली? पाणी पाजताना ओंजळ कशी धरली हे मला दिसतं, पण ती ओंजळ नानांची आहे. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, ज्यांनी कधी गाव सोडलं नाही आणि ज्यांच्यासारखी गोष्ट सांगणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही. नाना सांगायचे तेव्हा आबा ओटीवर खांबाला टेकून सुपारी कातरत असायचे. कोणी विचारलंच, "आबा, असंच ना?" तर म्हणायचे, "तहान फार लागायची." हो नाही आणि नाहीही नाही. पिस्तुलाबद्दल विचारलं तर एकच शब्द, "मिळालं." आम्ही त्या दोन वाक्यांच्या मधली जागा नानांच्या गोष्टीने भरून टाकली आणि आबांनी ती भरू दिली.

त्याच रात्री मी पदकांचा डबा काढला. हीसुद्धा आजी घासायची, आणि पितळी असल्यामुळे चिंचेने. सहा टोकांचे तारे घासून घासून गुळगुळीत झालेत, तरी कडेची अक्षरं लागतात. एकावर आफ्रिका स्टार. आणि दुसऱ्यावर इटली स्टार. त्याची फीत लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी, पुन्हा लाल. लहानपणी मी त्या फितीला 'तिरंग्याची चुकलेली फीत' म्हणायचे. इतकी वर्षं ती डब्यात होती आणि आबा इटलीत होते ही गोष्ट घरात कोणी बोललेलं मला आठवत नाही. मराठ्यांची तिसरी पलटण केरेनलाही होती आणि १९४४ मध्ये इटलीतही. याच पलटणीतल्या यशवंत घाडगेंना त्या वर्षीच्या १० जुलैच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात ते बावीस-तेविशीच्या वयात पडले. मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं, एक छायायंत्र, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ, त्याचा फोटो मी पाहिला. डोंगरउतार, दगडी घरं, खाली हिरवं खोरं. मी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा बघत बसले. आबा त्या उतारावर होते की आणखी कुठल्या, मला माहीत नाही. पण आता एक आठवण वेगळ्या उजेडात येते. पावसाळ्यात रानातून आले की आबा पायरीवर बसून पायाचा चिखल काडीने खरवडत राहायचे. पाय स्वच्छ झाले तरी खरवडत राहायचे. आजी म्हणायची, "पुरे हो आता," आणि त्यांच्या हातातली काडी काढून घ्यायची. इटलीतल्या त्या दोन हिवाळ्यांबद्दल जे जे वाचलं त्यात सगळीकडे नद्या आहेत आणि चिखल आहे.

केरेनची तहान सांगण्यासारखी होती. दुसरं जे काही होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मग पिस्तूल कोणाचं? इटलीने १९४३ च्या सप्टेंबरात शस्त्रसंधी केली, राजाचं लष्कर विस्कटलं. त्याची हत्यारं जर्मनांकडे गेली, मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या सैन्याकडे गेली, डोंगरातल्या बंडखोरांकडे गेली, कित्येक शेतकऱ्यांच्या माळ्यावर गवतात गेली. आबांना ते मेलेल्या माणसाच्या कमरेला मिळालं असेल, शरण आलेल्याकडून मिळालं असेल, किंवा सिगारेटच्या पाकिटांच्या बदल्यात कोणा जोडीदाराकडून. मी ते पुन्हा दुकानात जाऊन हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा मुठीकडे नीट पाहिलं. मुठीच्या खाली डाव्या बाजूला दोरी अडकवायची कडी आहे, तिच्या आतल्या बाजूचा रंग पूर्ण उडालेला. ते आम्ही केलेलं नाही. काथ्या तिथे पोचत नाही. कोणाच्या तरी कमरेला लोंबणारी दोरी तिथे महिनोन् महिने घासली गेली आहे. चालताना, धावताना. त्या माणसाचं काहीच आमच्या घरात आलं नाही, ही झीज आली. इतकी वर्षं आम्ही ज्याला हळद-कुंकू वाहिलं त्यात त्याचाही वाटा होता, आणि मला त्याचं नाव घेता येत नाही याचं खरंच वाईट वाटलं.

दुकानदाराने विचारलं, निळा पुन्हा चढवून द्यायचा का, नव्यासारखं दिसेल. जाणकाराला ते नकोच असतं, हे त्यानेच पुढे सांगितलं. पण घरातच ठेवायचं असेल तर शोभेल. मी नको म्हटलं. फुल्यांमधलं कुंकूही तसंच राहू द्या म्हटलं. त्याला ते पटलं असावं, कारण तो पिस्तुलाला बारीक तेल लावताना तेवढी जागा सोडून लावत होता. मग म्हणाला, "ताई, एक करा. तुम्हाला जे माहीत आहे ते एका कागदावर लिहून सही करून ठेवा. तोंडी गोष्टीला कोणी विचारत नाही, लिहिलेली राहते. आणि ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळं लिहा."

त्या रात्री मी दोन कागद घेऊन बसले. ऐकलेल्याच्या कागदावर नानांची गोष्ट लिहिली, ओंजळीसकट, आणि वर त्यांचं नाव घातलं. ती सोडून द्यायला मन होईना. पाहिलेल्याच्या कागदाला वेळ लागला. मॉडेल, कारखाना, साल, दोन फुल्या, राजाच्या लष्कराचा शिक्का, दोन्हीकडे एकच क्रमांक. आबांच्या डब्यातली पदकं, इटलीचं पदक त्यात आहे. 'मिळालं' हा त्यांचा शब्द जसाच्या तसा. कडीच्या आतली झीज, आमच्या घरी येण्याआधीची. आणि सगळ्यात शेवटी, तीन महिने जे तोंडातून निघालं नव्हतं ते: डाव्या अंगाचा रंग वापराने गेलेला नाही. दर खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या अंगणात, आधी आजीने आणि मग मी, राखेने आणि काथ्याने घासला.

खाली सही केली आणि तो कागद घडी करून चामड्याच्या खोळीला जो जादा मॅगझिनसाठी कप्पा आहे, त्यात ठेवला. खोळ घरीच आहे.